तिरप्या बाई आणि पाचवी नाणेफेक

शाळेत एखाद्याला टोपणनाव का पडले हे जितक्या माणसांना विचारावे तितकी कारणे मिळतात, आणि त्यांतली बहुतेक मागाहून रचलेली असतात. आठवीला गणित शिकवणाऱ्या बाईंना मुले 'तिरप्या बाई' म्हणत. फळ्यावर लिहिताना त्या वर्गाकडे कधी पाठ करीत नसत. उजवा खांदा फळ्याला, तोंड मुलांकडे, अशा खेकड्यासारख्या सरकत त्या ओळ पुरी करीत. जुने विद्यार्थी सांगतात, खडू फेकणाऱ्यांना पकडण्यासाठी बाईंनी ही युक्ती काढली होती. शाळेचा शिपाई सांगतो, त्यांची मान आखडलेली होती. दोन्ही गोष्टी तपासून पाहिल्या तर टिकत नाहीत. त्यांच्या वर्गात खडू फेकण्याची कोणाची छाती नव्हती. आणि मान इतकी मोकळी होती की शेजारच्या गच्चीवर काय वाळत घातले आहे, हे त्या स्वयंपाकघरातून सांगत.

खरे कारण साधे होते. त्यांना कमी ऐकू येत होते, आणि हे त्यांनी कोणाला कळू दिले नव्हते. समोरच्याचे ओठ दिसले की काम भागे. पाठ फिरवली की वर्ग नाहीसा होई.

हे एका दिवसात झालेले नव्हते. आधी मधल्या सुट्टीची घंटा दूर गेली. मग दारावरची टकटक गेली. मग नवऱ्याचे पुटपुटणे गेले, त्याचे त्यांना फारसे दुःख झाले नाही. नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे दुकान, आणि शिलाई मशीन सकाळपासून चालू. ते मशीन म्हणजे बाईंची ढाल होती. दोनदा हाक मारावी लागली की त्या म्हणत, "मशीन चालू असताना कोणाला ऐकू येतं, सांगा बरं?"

घरात नणंद होती. औषधांच्या दुकानात काम करीत असल्यामुळे लोकांची दुखणी तिला चेहऱ्यावरून कळत, आणि जीभ तिची कात्रीपेक्षा धारदार.

"वहिनी, मशीन मघाशीच बंद झालं. दादा जेवायला बसलाय. तुमच्या समोर."

"मग त्याची घरघर अजून कानात आहे."

"कानात काहीतरी आहे खरं," नणंद म्हणे आणि ताट पुढे ओढी.

वर्गात मशीन नव्हते. तिथे बाईंनी आपल्याच विषयाचा आधार घेतला. कोणत्या प्रश्नाला मुले काय उत्तर देतात, कुठे घसरतात, हे इतक्या वर्षांत त्यांना पाठ झाले होते. दोन फासे टाकले तर बेरीज सात येण्याची शक्यता विचारली, की कोणीतरी 'अकरात एक' म्हणणारच; कारण दोनपासून बारापर्यंत अकरा बेरजा होतात आणि सगळ्या सारख्याच, असे पहिल्यांदा सर्वांनाच वाटते. बाई हलणारे ओठ पाहत, सर्वांत संभवनीय उत्तर मनाशी धरत आणि त्यालाच प्रत्युत्तर देत. बहुतेक वेळा जुळे. जुळत नसे तेव्हा मुलांना वाटे, बाई काहीतरी खोल सांगत आहेत. संभाव्यता शिकवणारी बाई संभाव्यतेवरच दिवस काढीत होती.

त्यांचा सर्वांत गाजलेला तास पाचव्या नाणेफेकीचा. त्यासाठी एक जाड जुने नाणे त्या पर्समध्ये निराळ्या कप्प्यात ठेवत. "चार वेळा टाकलं. चारही वेळा छापा. आता पाचव्यांदा काय पडेल?" पहिल्यांदाच नव्हे, उजळणीलाही वर्ग एका आवाजात ओरडे, "काटा!" मग बाई ते नाणे स्वतःच्या कानाशी धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "विचारलं मी याला. म्हणतंय, मागचं काही आठवत नाही. नाण्याला आठवण नसते, पोरांनो. आठवण तुम्हाला असते. चार छापे पडले म्हणून ते लाजून काटा दाखवणार नाही. छापा आणि काटा, शक्यता अजूनही समान." हे वाक्य त्या विद्यार्थ्यांची मुले आज घरी म्हणून दाखवतात. कानाशी नाणे धरण्यातली गंमत मात्र तेव्हा फक्त बाईंनाच ठाऊक होती.

त्या वर्षी शाळेत स्मार्ट बोर्ड आला आणि पहिला बसवला तो गणिताच्या खोलीत. भिंतभर पांढरा काचेसारखा पडदा. बोट लावले की हलतो, लिहितो, पुसतो. पडद्यावर नाणे होते, त्याला स्पर्श केला की ते उडे. बोट दाबून धरले की शेकड्याने उडे. प्रत्येक मुलाला चार बटणांचा एक छोटा रिमोट. प्रश्न विचारला की मुलांनी बटण दाबायचे, आणि कोणत्या उत्तराला किती मते पडली त्याच्या रंगीत पट्ट्या पडद्यावर उभ्या राहायच्या.

बोर्ड आला त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकेने बाईंना खोलीत बोलावले. मुख्याध्यापिका वयाने लहान, एके काळी बाईंच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेली. चारचौघांत बाई तिला 'मॅडम' म्हणत, दार लागले की 'तू'.

"बाई, बसा. एका आईची तक्रार आलीय."

"कशाबद्दल?"

"तुम्ही मुलांचं ऐकूनच घेत नाही म्हणे."

"मी? अगं, मी एकेकाच्या तोंडाकडे बघत असते!"

"तेच म्हणते ती. बघता, पण ऐकत नाही." मुख्याध्यापिकेने टेबलावरचे पेन उगाच सरळ केले. "सोमवारी मी तुमच्या तासाला मागे बसेन. नव्या बोर्डावर संभाव्यता घ्या. मला ठीक वाटलं तर प्रश्नच मिटला. नाहीतर पुढच्या सत्रापासून आठवी नव्या सरांकडे आणि तुम्ही वाचनालय सांभाळा."

"वाचनालय?"

"तिथे शांतता असते, बाई."

शांतता बाईंना हवी त्याहून जास्तच मिळत होती. त्यांना आठवी हवी होती.

बोर्डाने पहिल्याच दिवशी त्यांची फजिती केली. जुन्या सवयीने त्या खांदा टेकवून तिरप्या उभ्या राहिल्या, आणि खांद्याखाली पडद्यावरचे नाणे आले. त्या अपूर्णांक समजावून सांगत होत्या, मागे नाणे उडत होते. मुलांनी हसू आवरले तोवर आठशे फेकी झाल्या होत्या. तिरपे उभे राहता येईना, आणि सरळ उभे राहून पडद्याला बोट लावायचे तर वर्गाकडे पाठ. पाठ केली की मागे अडतीस मुले आहेत की रिकामी बाके, हे बाईंना सांगता आले नसते.

बोर्ड बसवणारा तंत्रज्ञ तारा गुंडाळत होता. "लांबूनही चालतो, बाई. टेबलावरच्या लॅपटॉपवरून करा सगळं. पडद्याला हात लावायची सक्ती नाही."

"मग एवढा मोठा पडदा कशाला?"

"बघायला," तो म्हणाला. "आणि एक सांगतो. सगळ्यांची मतं येईपर्यंत पट्ट्या झाकून ठेवा. नाहीतर मुलं प्रश्न वाचत नाहीत, पट्ट्या वाचतात. जी उंच, तिच्यामागे सगळी."

हा सल्ला बाईंना पटला, कारण ते चांगले गणित होते. शुक्रवारी त्यांनी टेबलाशी, वर्गाकडे तोंड करून, रंगीत तालीम घेतली. प्रश्न अर्थातच पाचव्या नाणेफेकीचा. पर्याय चार: छापा जास्त संभवनीय, काटा जास्त संभवनीय, दोन्ही समान, सांगता येत नाही. मुलांनी बटणे दाबली. बाईंनी नाणे कानाशी नेले, डोळे मिटले, आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या उघडल्या.

"विचारलं मी याला. म्हणतंय, मागचं..." डोळे उघडून त्यांनी पडद्याकडे पाहिले. काट्याची पट्टी जवळजवळ जमिनीवर होती. 'समान'ची छताला लागली होती.

"हे यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या.

तंत्रज्ञाला बोलावणे गेले. त्याने अडतीसही जणांकडून पहिले बटण दाबून घेतले, मग दुसरे, मग तिसरे. पट्ट्या मुकाट्याने सांगितल्याप्रमाणे उभ्या राहिल्या. "बोर्ड ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि चहाला गेला.

बाईंनी वर्गप्रमुख मुलीला टेबलापाशी बोलावले. "खरं सांग. मी तोंडी विचारते तेव्हा सगळे 'काटा' म्हणता ना?"

"हो, बाई."

"आणि बटण दाबताना 'समान'?"

"हो, बाई."

"का गं?"

मुलीने मागे वळून पाहिले. मागच्या बाकांवर कोपरे चालू झाली. अखेर ती म्हणाली, "बाई, रिमोटवर कोणी दाबलं ते दिसत नाही ना, म्हणून खरं दाबलं. तोंडी... तिथे तुम्हाला 'काटा' लागतं. माझ्या दादानं आधीच सांगितलं होतं."

"मला लागतं?"

"मागच्या महिन्यात मी 'समान' म्हटलं होतं. मोठ्यानं. तुम्ही म्हणालात, 'चूक! सगळे असंच फसतात.' मग पुढे तुम्हीच 'समान' शिकवलंत. आईला सांगितलं मी." ती घाईने पुढे म्हणाली, "पण ते कानाशी नाणं धरणं आम्हाला आवडतं, बाई. म्हणून 'काटा' म्हणतो."

जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी केली असता ही परंपरा बरीच मागे जाते असे दिसते. सुरुवातीच्या तुकड्या खरोखर 'काटा' म्हणत आणि खरोखर फसत. मग हा तास इतका गाजला की मुले उत्तर घरून शिकूनच येऊ लागली. पण बाईंचे भाषण त्या चुकीवर उभे होते, म्हणून तुकडीमागून तुकडी ती चूक प्रेमाने पुरवीत राहिली. ज्यांनी खरे उत्तर दिले त्यांचे बाईंना ऐकूच आले नाही. कोणीही न केलेली चूक त्या वर्षानुवर्षे दुरुस्त करीत होत्या.

त्या संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी हे घरी सांगितले. नवरा इतका हसला की त्याच्या तोंडातली टाचणी पडली.

"म्हणजे घरात चालतं तेच शाळेतही चालतं तर," तो म्हणाला. "आम्हीसुद्धा तुला हवं तेच म्हणतो. त्रास वाचतो."

"दादा, तू गप्प बस." नणंद बाईंच्या अगदी समोर येऊन बसली, ओठ दिसतील अशी, ती नेहमीच तशी बसे, हे बाईंच्या त्या दिवशी प्रथम लक्षात आले. "वहिनी, सोमवारचं काय?"

"सोमवारी सोपं आहे. टेबलाशी उभी राहते, पट्ट्या वाचते. ओठसुद्धा वाचायला नकोत. कुण्णाला कळणार नाही."

"मग झालं की."

"झालं," बाई म्हणाल्या, आणि चांगली भेंडी टाकाऊच्या ढिगात टाकू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या पोरीला मी चूक म्हटलं, ताई. बरोबर असताना. एकटी तीच असेल, ही शक्यता किती?"

"शून्य," नणंद म्हणाली. "आणि ती भेंडी इकडे द्या."

सोमवारी मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर येऊन बसली. एक रिमोट उरला होता, तो मुलांनी तिला दिला. बाईंनी बोर्ड सुरू केला, टेबलाशी उभ्या राहिल्या, आणि ठरवले होते त्यातले काहीही केले नाही.

"आज आपण एक नवीन नाणं तपासणार आहोत," त्या म्हणाल्या. "ते नाणं म्हणजे मी. मला कमी ऐकू येतं. किती कमी, ते मलाही माहीत नाही. प्रयोग करून बघू."

वर्ग इतका गप्प झाला की ती शांतता बाईंनासुद्धा दिसली.

प्रयोगाची रीत त्यांनी समजावून दिली. वर्गप्रमुख मुलगी मागच्या बाकावरून खरे नाणे टाकेल आणि छापा की काटा ते नेहमीच्या आवाजात सांगेल. बाई जे ऐकतील ते म्हणतील. जुळले तर मुलांनी पहिले बटण दाबायचे, चुकले तर दुसरे. दर फेकीनंतर आतापर्यंत शेकडा किती जुळले त्याची रेघ पडद्यावर पुढे सरकेल. आधी तोंड वर्गाकडे ठेवून वीस फेकी झाल्या. एक सोडून सगळ्या जुळल्या.

"आता पाठ," बाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत प्रथमच वर्गाकडे पूर्ण पाठ करून उभ्या राहिल्या. आवाज संपला की मुलीने बाकावर ठेवलेला दिवा लावायचा, आणि त्याचा उजेड पडद्यावर दिसला की बाईंनी बोलायचे, असे ठरले होते.

दिवा. "छापा," बाई म्हणाल्या. जुळले. दिवा. "छापा." जुळले. "काटा." तेही जुळले. नव्याने सुरू केलेली रेघ पडद्याच्या माथ्यावर जाऊन बसली. मुले टाळ्या वाजवू लागली. मागे मुख्याध्यापिका उठून उभी राहिली. तिचा चेहरा उजळला होता.

"पुरे, बाई! सिद्ध झालं. तुम्हाला छान ऐकू येतं!"

बाई पडद्याकडे पाहत शांत उभ्या होत्या. मुख्याध्यापिकेने पुन्हा हाक मारली. मग आणखी मोठ्याने. अखेर वर्गप्रमुख मुलगी पुढे गेली आणि तिने बाईंच्या कोपराला हात लावला. बाई वळल्या.

"मॅडम म्हणतायत, पुरे. सिद्ध झालं."

बाईंनी माथ्यावरची रेघ पाहिली. तिथेच थांबता आले असते. त्यांनी मुख्याध्यापिकेकडे पाहिले, तेव्हा तिला तिसऱ्या बाकावरची मुलगी झाल्यासारखे वाटले, असे ती स्वतःच सांगते.

"मॅडम, तीन फेकींवरून निष्कर्ष काढायला मी शिकवलं होतं का तुम्हाला?"

"नाही, बाई."

"तीनही सलग जुळण्याची शक्यता किती, नुसते अंदाज ठोकले तर?"

"आठात एक, बाई."

"म्हणजे काही फार मोठा चमत्कार नाही. बसा खाली."

मुख्याध्यापिका बसली. बाईंनी पुन्हा पाठ फिरवली. चौथी फेक चुकली, पाचवी चुकली, सहावी जुळली, सातवी चुकली. रेघ उतरली, सावरली, पुन्हा घसरली, आणि जसजशा फेकी वाढल्या तसतशी तिची धडपड मंदावत गेली. चाळीस झाल्या तेव्हा ती मध्यावर, निम्म्याच्या आसपास येऊन निजली होती.

"काय दिसतं?" बाईंनी वळून विचारले.

एक मुलगा चाचरत म्हणाला, "बाई, पाठ केल्यावर तुम्ही... नाणंच आहात."

"शाब्बास! तोंड तुमच्याकडे असलं की मी बाई, पाठ केली की छापा-काटा. म्हणून मी तिरपी उभी राहत होते. आणि म्हणून तुमच्यातल्या काहींना बरोबर असताना चूक म्हटलं. ते उत्तर मी ऐकलं नव्हतं; अंदाजाने ठोकलं होतं." त्यांनी वर्गप्रमुख मुलीकडे पाहिले. "नाण्याला आठवण नसते. बाईला असायला हवी. तुझं उत्तर बरोबर होतं."

उत्तरादाखल मुलीने दिवा एकदा लावला आणि विझवला. वर्ग हसला.

मग शेवटी जुना प्रश्न झाला. पट्ट्या झाकून. चार छापे पडले, पाचव्यांदा काय? बाईंनी पट्ट्या उघडल्या. सगळा वर्ग 'समान', आणि 'काटा'ला एकच एक मत.

"हे कोणाचं? रागावत नाही. मला तर आनंद आहे, खरंच कोणीतरी फसलं."

शेवटच्या बाकावरून मुख्याध्यापिकेचा हात हळूहळू वर आला. "सवयीनं, बाई. तुम्हाला तिथे 'काटा' लागतं ना."

हशा इतका मोठा होता, की शेजारच्या वर्गातले नवे सर दारात येऊन उभे राहिले. तास संपल्यावर मुख्याध्यापिका बाईंसोबत व्हरांड्यात आली आणि चालता चालता त्यांच्या समोर येऊन थांबली. "आठवी तुमच्याकडेच राहील. पण कानांचं बघा. आणि पुढच्या बैठकीत बाकीच्या शिक्षकांना ते पट्ट्या झाकणं शिकवा." आठवी हुकल्याचे नव्या सरांना वाईट वाटले असेल असा समज आहे, त्यांना विचारले असता ते एकच शब्द बोलले: "सुटलो."

श्रवणयंत्र आणायला नणंद बरोबर गेली आणि दुकानदाराशी सगळे तीच बोलली. घरात शिरताना बाईंनी ते पहिल्यांदा कानात घातले आणि पुढच्या खोलीच्या दारात थबकल्या. शिलाई मशीन चालू होते.

"अगंबाई! केवढा हा आवाज!"

"मशीन आहे, वहिनी. आवाज करणारच."

"मग मी इतकी वर्षं खरंच सांगत होते!" बाई विजयाने म्हणाल्या. नणंदेने कपाळावर हात मारला. नवरा काहीतरी पुटपुटला.

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी नवी आठवी आली. बाई आता सरळ उभ्या राहत. टोपणनाव मात्र तिरपेच राहिले. पाचव्या नाणेफेकीच्या तासाला त्यांनी रिमोट बाजूला ठेवायला सांगितले आणि प्रश्न तोंडी विचारला. समोरून कंटाळलेले, पाठ केलेले "समान" आले, कारण गोष्ट आता गावभर झाली होती. पण मागून, खिडकीजवळून, उशिराने, मनापासून एक आवाज आला.

"काटा! आता काटाच येणार, बाई. चार वेळा छापा आलाय, किती वेळ येत राहील?"

मुलगा नुकताच दुसऱ्या शाळेतून आला होता. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. वर्ग हसायला लागला तसे बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले.

"हसू नका. कितीतरी वर्षांनी मिळालाय हा मला." त्यांनी पर्सचा निराळा कप्पा उघडला, जाड जुने नाणे काढले, श्रवणयंत्राला लागणार नाही अशा बेताने कानाशी धरले आणि डोळे मिटले.